मताविना प्रतिनिधी : एलेनॉर होम्स नॉर्टन यांची संसदीय कारकीर्द
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



२२ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एका विधेयकावर मतदान झाले. विधेयकाचा क्रमांक ५१. अमेरिकेत राज्ये पन्नास आहेत आणि हे विधेयक एक्कावन्नावे राज्य निर्माण करू पाहत होते, म्हणून हा क्रमांक. बाजूने २१६ आणि विरुद्ध २०८ मते पडली व विधेयक संमत झाले. ते मांडणाऱ्या सभासद बाई त्या दिवशी ८३ वर्षांच्या होत्या. त्या सभागृहात त्यांची तीस वर्षे गेली होती. परंतु मतदानाची जी यादी प्रसिद्ध झाली तिच्यात त्यांचे नाव बाजूने नाही, विरुद्ध नाही आणि गैरहजरांतही नाही. ज्या विधेयकासाठी त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध खर्च केला, त्यावर मत देण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. या बाईंचे नाव एलेनॉर होम्स नॉर्टन, आणि त्या ज्या शहराच्या प्रतिनिधी, ते शहर म्हणजे अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन.

या शहराचे शासकीय नाव ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’ असे आहे. डिस्ट्रिक्ट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर कचेरी असलेला जिल्हा उभा राहतो. तशा अर्थाचा हा जिल्हा नव्हे. कोणत्याही राज्यात न मोडणारा, थेट काँग्रेसच्या म्हणजे अमेरिकी संसदेच्या अमलाखाली असलेला हा प्रदेश आहे. १७८३ साली फिलाडेल्फियात पगार थकलेल्या सैनिकांनी काँग्रेसच्या सभागृहाला वेढा दिला. पेनसिल्व्हेनिया राज्याने संरक्षणास शिबंदी पाठविण्याचे नाकारले आणि राष्ट्राच्या प्रतिनिधींना प्रिन्स्टनला निघून जावे लागले. ती नामुष्की घटनाकारांच्या मनात ताजी होती. राजधानी कोणत्याही राज्याच्या मर्जीवर असू नये, या हेतूने त्यांनी दहा मैल लांब व दहा मैल रुंद एवढ्या मर्यादेतील भूमी काँग्रेसच्या पूर्ण अधिकाराखाली ठेवण्याची तरतूद केली. १८०० मध्ये काँग्रेस तेथे आली आणि १८०१ च्या कायद्याने तेथील रहिवासी आपल्या जुन्या राज्यांचे मतदार राहिले नाहीत. सैनिकांच्या वेढ्याची भीती केव्हाच ओसरली; तिच्यावरचा उपाय मात्र सव्वादोनशे वर्षे टिकून आहे.

दिल्लीत वाढणाऱ्या विद्यार्थ्यांना यातील काही भाग परिचयाचा वाटेल आणि काही चमत्कारिक. दिल्लीचे पोलीस व जमीन हे विषय केंद्राकडे आहेत आणि पूर्ण राज्याच्या दर्जाची मागणी येथेही जुनीच आहे. परंतु दिल्लीचे सात खासदार लोकसभेत बसतात, तीन राज्यसभेत बसतात, आणि त्यांचे मत इतर कोणत्याही खासदाराच्या मताइतकेच मोजले जाते. वॉशिंग्टनचा सिनेटमध्ये एकही सभासद नाही आणि प्रतिनिधिगृहात आहे तो एक ‘डेलिगेट’. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ६,८९,५४५ भरली. त्याच वर्षी वायोमिंग राज्यात ५,७६,८५१ आणि व्हरमाँट राज्यात ६,४३,०७७ माणसे होती. त्या दोन्ही राज्यांना प्रत्येकी दोन सिनेटर आहेत. मराठी माणसाला तर आणखी एक आठवण होईल. १९५६ साली मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला, त्याच प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. मुंबईच्या वाट्याला जे आले नाही, ते वॉशिंग्टन अद्याप भोगते आहे, आणि तेही केंद्रशासित प्रदेशालाही मिळणाऱ्या मताविना.

एलेनॉर होम्स यांचा जन्म १३ जून १९३७ रोजी याच शहरात झाला. त्यांचे पणजोबा रिचर्ड होम्स हे व्हर्जिनियातील एका मळ्यावरचे गुलाम. १८५० नंतरच्या दशकात ते पळून वॉशिंग्टनला आले आणि तेथेच राहिले. १८६२ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसने राजधानीतील गुलामांना मुक्त केले. लिंकनची प्रसिद्ध मुक्तिघोषणा त्यानंतर सुमारे साडेआठ महिन्यांनी अमलात आली. आजोबा १९०२ मध्ये शहराच्या अग्निशामक दलात दाखल झाले. वडील सरकारी नोकर आणि आई शिक्षिका. शहराशी असलेले हे नाते नॉर्टनबाई भाषणांतून वारंवार सांगत असत. त्यात मिरविण्याचा भाग नव्हता असे नाही, पण युक्तिवादही होता. राजधानी म्हणजे केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या मंत्र्यांची आणि अधिकाऱ्यांची वस्ती, हा समज खोडून काढण्यास चार पिढ्यांच्या घराण्याइतका चांगला पुरावा दुसरा कोणता?

त्यांच्या बालपणी या शहरात शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या. हेक्ट नावाच्या मोठ्या दुकानात काळ्या गिऱ्हाइकाचे पैसे चालत, परंतु तेथील उपाहारगृहात त्याला बसता येत नसे. मेरी चर्च टेरेल या वयोवृद्ध शिक्षिका त्या दुकानापुढे निदर्शने करीत, आणि शाळकरी एलेनॉरने ती पाहिली होती. टेरेलबाईंच्या लढ्यातील एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. १८७१ ते १८७४ ही थोडी वर्षे राजधानीला स्वतःचे विधिमंडळ मिळाले होते. त्या काळात, १८७२ व १८७३ मध्ये, उपाहारगृहांत वर्णावरून कोणासही नाकारता येणार नाही असे कायदे तेथे झाले. पुढे काँग्रेसने स्वशासन काढून घेतले, कारभार नेमलेल्या तीन आयुक्तांकडे गेला आणि ते कायदे विस्मृतीत पडले. पण ते कोणी रद्द केलेले नव्हते! ते शोधून काढण्यात आले, आणि जून १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आजही लागू असल्याचा निर्णय दिला. टेरेलबाई तेव्हा ८९ वर्षांच्या होत्या. शहराच्या हाती कारभार असताना झालेला न्याय ऐंशी वर्षे कपाटात पडून राहिला होता.

पुढल्याच वर्षी, १७ मे १९५४ रोजी, शाळांतील वर्णभेद घटनाविरोधी ठरला. त्या वेळी एलेनॉर डनबार हायस्कूलमध्ये शिकत होत्या. मुख्याध्यापकांनी घंटा वाजवून ही वार्ता साऱ्या वर्गांना कळविली, ही आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. राजधानीच्या शाळांचा निकाल मात्र वेगळा लिहावा लागला. इतर राज्यांचा निर्णय घटनेच्या ज्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे झाला, ती दुरुस्ती राज्यांना बांधणारी आहे, आणि डिस्ट्रिक्ट हे राज्य नव्हते. म्हणून पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन स्वतंत्र निकाल देण्यात आला. आपले शहर राज्य नसल्यामुळे साध्या न्यायालाही आडवाटेने यावे लागते, याचा हा दाखला त्यांच्या शाळेच्या दारातच घडला होता.

अँटिऑक कॉलेजातून पदवी घेऊन त्या येल विद्यापीठात कायदा शिकण्यास गेल्या. १९६३ च्या उन्हाळ्यात त्या मिसिसिपीत विद्यार्थी कार्यकर्त्या म्हणून पोहोचल्या. जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स यांनी त्यांचे स्वागत केले, दिवसभर काम दाखविले आणि संध्याकाळी बसस्थानकावर सोडले. त्याच मध्यरात्रीनंतर एव्हर्स यांचा त्यांच्या घराच्या दारात गोळी घालून खून झाला. विनोना गावच्या तुरुंगात फॅनी लू हेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमानुष मारहाण झाली होती. त्यांना बाहेर काढण्यासाठी धडपडणाऱ्यांमध्ये ही तरुण विद्यार्थिनी होती. त्याच ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या महामोर्चाचे काम तिने केले. न्यूयॉर्कच्या कचेरीत शेवटच्या रात्रीपर्यंत दूरध्वनी सांभाळण्यास ती मागे राहिली आणि सकाळी विमानातून आपल्याच शहरात लोटलेला जनसागर तिने पाहिला.

१९६४ चा एक प्रसंग पुढील कारकीर्दीच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मिसिसिपीतून डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाला केवळ गोऱ्यांचे शिष्टमंडळ येणार होते. त्याला आव्हान देण्यासाठी हेमर यांच्या ‘फ्रीडम डेमोक्रॅटिक’ पक्षाने स्वतःचे प्रतिनिधी अटलांटिक सिटीला नेले, आणि नॉर्टनबाई त्यांच्या बाजूने खटपट करीत होत्या. तडजोड म्हणून त्यांना दोन जागा देऊ करण्यात आल्या. ती तडजोड हेमर आणि त्यांच्या सोबत्यांनी नाकारली. अर्धे घ्यावे की पूर्ण मिळेपर्यंत थांबावे, हा प्रश्न नॉर्टनबाईंसमोर तेव्हा पहिल्यांदा आला. पुढे तोच प्रश्न चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या निर्णयासाठी यावयाचा होता.

मधल्या वर्षांचा आढावा थोडक्यात घेतला तरी चालेल, यद्यपि तेवढ्यावरही एखाद्याचे चरित्र उभे राहिले असते. नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या संस्थेच्या वकील या नात्याने त्यांनी १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका गोऱ्या वर्णवर्चस्ववादी पक्षाची बाजू मांडली आणि जिंकली, कारण प्रश्न भाषणस्वातंत्र्याचा होता. न्यूयॉर्कचे महापौर लिंडसे यांनी जॉर्ज वॉलेस यांना सभेसाठी मैदान नाकारले, तेव्हा वॉलेस यांच्या वतीनेही त्या लढल्या. याच लिंडसेंनी १९७० मध्ये त्यांना शहराच्या मानवी हक्क आयोगाचे अध्यक्षपद दिले. त्याच वर्षी ‘न्यूजवीक’ साप्ताहिकातील महिला कर्मचाऱ्यांचा लिंगभेदाविरुद्धचा दावा त्यांनी चालविला. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना समान रोजगार संधी आयोगाच्या अध्यक्षपदी नेमले. त्या पदावरील त्या पहिल्या महिला. १९८० मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे आयोगाने काढली ती त्यांच्याच काळात. पुढे जॉर्जटाउन विद्यापीठात त्यांनी कायद्याचे अध्यापन केले.

दरम्यान शहराची स्थिती थोडीथोडी बदलत होती. १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने रहिवाशांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळाले, १९७० च्या कायद्याने डेलिगेटचे पद आले, १९७३ च्या स्वशासन कायद्याने महापौर व नगरमंडळ निवडून देण्याचा अधिकार आला. तथापि नगरमंडळाचा कोणताही कायदा काँग्रेस रद्द करू शकते, ही अट त्याच कायद्यात आहे. १९७८ मध्ये काँग्रेसने शहराला पूर्ण प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती संमत केली, परंतु ३८ राज्यांची मान्यता लागत असता सात वर्षांत १६ राज्यांचीच मिळाली. म्हणून १९८० पासून मागणी झाली ती सरळ राज्याच्या दर्जाची. १९९० मध्ये शहराने आणखी एक युक्ती केली. १७९६ मध्ये टेनेसीने राज्य होण्याच्या आधीच सिनेटर निवडून पाठविले होते. त्या धर्तीवर राजधानीने ‘छाया सिनेटर’ निवडले, त्यांत जेसी जॅक्सन होते. यांना सभागृहात आसन नाही, वेतन नाही. राज्याच्या मागणीची वकिली करणे एवढेच काम.

त्याच १९९० च्या निवडणुकीत नॉर्टनबाई डेलिगेटच्या जागेसाठी उभ्या राहिल्या. पक्षांतर्गत मतदानाच्या तोंडावर एक बातमी फुटली: या दांपत्याने १९८२ पासून शहराचा प्राप्तिकरच भरलेला नव्हता. विवरणपत्रे पती पाहत, आपणास कल्पना नव्हती, असे बाईंनी सांगितले, आणि थकबाकी भरली. ‘प्रतिनिधित्वाविना कर’ हा ज्या शहराचा मुख्य आक्षेप, त्याच शहराची उमेदवार करचुकवेगिरीच्या आरोपात सापडावी, हा विचित्र योग होता. चरित्र सांगताना हा भाग गाळण्याची प्रथा आहे. ती पाळणे बरोबर नाही. मतदारांनी त्यांना थोड्या फरकाने उमेदवारी दिली आणि नोव्हेंबरमध्ये निवडून दिले.

डेलिगेटला सभागृहात भाषण करता येते, विधेयक मांडता येते, समितीत बसता येते आणि समितीत मतही देता येते. सभागृहाच्या अंतिम मतदानात मात्र त्याला स्थान नाही. नॉर्टनबाईंनी नियमांचे पुस्तक वकिलाच्या नजरेने वाचले. प्रतिनिधिगृहाचे बरेच काम ‘संपूर्ण सभागृहाची समिती’ या नावाने चालते. सभासद तेच, दालन तेच, फक्त नाव समितीचे. समितीत जर डेलिगेटला मत आहे, तर या समितीत का नसावे? १९९३ च्या जानेवारीत हा बदल संमत झाला. रिपब्लिकन सभासद न्यायालयात गेले आणि हरले. अर्थात या मतालाही एक मेख होती: डेलिगेटांच्या मतांनी निकाल फिरत असेल, तर त्यांना वगळून मतदान पुन्हा घ्यावयाचे. म्हणजे मत उपयोगी पडले की ते बाद! तरीही त्या दिवशी दोन शतकांनंतर शहराचे नाव फलकावर उमटले. १९९५ मध्ये बहुमत बदलले आणि ते मत गेले. २००७ मध्ये परत आले, २०११ मध्ये पुन्हा गेले, २०१९ मध्ये पुन्हा आले.

राज्याच्या दर्जाचे विधेयक प्रथम मतास आले ते २१ नोव्हेंबर १९९३ रोजी. बाजूने १५३, विरुद्ध २७७. डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत असूनही असा पराभव झाला. त्यानंतर शहराची तिजोरी रिकामी झाली आणि १९९५ मध्ये काँग्रेसने कारभारावर आर्थिक नियंत्रण मंडळ बसविले. राज्य मागणाऱ्या शहराला आपले हिशेबही सांभाळता येत नाहीत, असे म्हणण्याची सोय विरोधकांना झाली, आणि त्या आरोपात काही तथ्यही होते. नॉर्टनबाईंनी तेव्हा राज्याची भाषा बाजूस ठेवली आणि मिळेल ते मिळविण्याचा मार्ग धरला. विरोधी पक्षाचे सभापती न्यूट गिंगरिच यांच्याशीही त्यांनी जुळवून घेतले. १९९७ मध्ये शहरावरचा काही आर्थिक भार केंद्राने उचलला आणि राजधानीत पहिले घर घेणाऱ्यास ५,००० डॉलरची करसवलत मिळाली.

त्या काळातील सर्वांत टिकाऊ काम विद्यार्थ्यांसाठी झाले. अमेरिकेत प्रत्येक राज्याची सार्वजनिक विद्यापीठे आपल्या राज्यातील मुलांना कमी शुल्क आकारतात आणि परराज्यातील मुलांना पुष्कळ अधिक. राजधानीत सार्वजनिक विद्यापीठ एकच. त्यामुळे तेथील मुलगा कोठेही गेला तरी परकाच. १९९९ च्या कायद्याने हा शुल्कातील फरक वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत केंद्र सरकार भरू लागले. हे विधेयक मांडले शेजारच्या व्हर्जिनियातील रिपब्लिकन सभासद टॉम डेव्हिस यांनी, आणि त्यामागे बळ लावले नॉर्टनबाईंनी. ज्यांच्याकडे मत नाही, त्यांना दुसऱ्याच्या मताने काम करून घ्यावे लागते. त्यासाठी श्रेय सोडून देण्याची तयारी लागते. घरोघरची मुले महाविद्यालयात गेली ती या कायद्याने. राज्याचा दर्जा मिळाला नाही म्हणून त्यांची कारकीर्द निष्फळ मानणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

मात्र जे हाती दिले जाई त्याच्या सोबत काढून घेण्याचीही तरतूद असे. शहराचा अर्थसंकल्प, त्यातला स्वतःच्या करांतून जमलेला पैसासुद्धा, काँग्रेसच्या संमतीवाचून खर्च करता येत नसे आणि त्या संमतीला नाना अटी चिकटविल्या जात. १९९८ मध्ये औषधोपचारासाठी गांजा वापरू द्यावा काय, यावर शहरात मतदान झाले. काँग्रेसने अशी अट घातली की ती मते मोजण्यावरही पैसा खर्च होऊ नये. मतपेट्या भरलेल्या आणि निकाल गुलदस्तात! न्यायालयाच्या आदेशाने पुढील वर्षी निकाल कळला तो ६९ टक्के अनुकूल. परंतु तो अमलात आणण्याची मुभा मिळण्यास दहा वर्षे गेली. २००० सालापासून शहराच्या मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर ‘प्रतिनिधित्वाविना कर’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापले जाऊ लागले. क्लिंटन यांनी आपल्या गाडीला ती पाटी लावली, बुश यांनी काढली, ओबामांनी दुसऱ्या कारकीर्दीच्या आरंभी पुन्हा लावली. पाट्या लावण्या-काढण्याने कायदा बदलत नाही, हे सांगावयास नकोच.

आता त्या जुन्या प्रश्नाकडे यावयाचे. टॉम डेव्हिस यांनी एक कल्पक तोड सुचविली. राजधानीचा मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेला. यूटा राज्याचा मतदार रिपब्लिकन, आणि त्या राज्याची एक जागा २००० च्या जनगणनेत अगदी थोड्या लोकसंख्येने हुकलेली. तेव्हा दोघांनाही प्रतिनिधिगृहात एकेक जागा द्यावी, म्हणजे पारडे समतोल राहील. सिनेटचे नाव नाही, राज्याचे नाव नाही. केवळ एक मत. नॉर्टनबाईंनी हे स्वीकारले. २००७ मध्ये चर्चेच्या वेळी मध्येच बोलू पाहणाऱ्या विरोधी सभासदाला त्यांनी ज्या त्वेषाने गप्प बसविले, त्याचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहाने विधेयक २४१ विरुद्ध १७७ मतांनी संमत केले. सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये चर्चा पुढे नेण्यास ६० मते लागत होती, मिळाली ५७.

२६ फेब्रुवारी २००९ रोजी सिनेटने ते विधेयक ६१ विरुद्ध ३७ मतांनी संमत केले. शहर इतके जवळ पूर्वी कधी आले नव्हते. पण त्याच दिवशी विधेयकाला एक उपसूचना जोडण्यात आली: शहराचे बंदुकांवरचे बहुतेक निर्बंध रद्द. ज्या शहरात गोळीबारात तरुण मुले मरत होती, त्याला सांगण्यात आले की मत हवे असेल तर बंदुकांचा कायदा सोडा. नॉर्टनबाई वर्षभर अडल्या. २०१० च्या निवडणुकीनंतर बहुमत राहणार नाही हे त्यांना दिसत होते, म्हणून एप्रिल २०१० मध्ये त्या अखेरीस ही किंमत मोजण्यास तयार झाल्या. नगरमंडळातील अनेकांनी विरोध केला. तेवढ्यात बंदुकांच्या कलमाचा नवा मसुदा आला आणि तो पूर्वीपेक्षाही व्यापक निघाला. तेव्हा त्यांनी पाठिंबा काढून घेतला, आणि २० एप्रिल रोजी विधेयक गुंडाळले गेले. नोव्हेंबरमध्ये अपेक्षेप्रमाणे बहुमत गेले.

त्यांचे चुकले काय? चुकले असेल तर कोठे? आधी रुकार देण्यात की नंतर नकार देण्यात? अटलांटिक सिटीत हेमर यांना जे सोपे होते ते येथे सोपे नव्हते. हेमर यांना केवळ दोन जागा नाकारावयाच्या होत्या. नॉर्टनबाईंना शहराच्या पुढच्या पिढीचे मत आणि याच पिढीचे जीव यांचा हिशेब करावयाचा होता. न्यायाने पाहिले तर दोष त्यांच्या धरसोडीचा नव्हे. जोवर एखाद्या शहराचे प्रत्येक पाऊल दुसऱ्यांच्या मर्जीवर पडते, तोवर त्या पावलाची किंमत तेच दुसरे ठरविणार. एका मताने ही स्थिती पालटली नसती. या अनुभवानंतर त्यांनी अर्ध्या वाटेची विधेयके मागे टाकली आणि पुन्हा पूर्ण राज्याची मागणी हाती धरली.

२०१६ मध्ये शहरात सार्वमत झाले आणि सुमारे ८६ टक्के मतदारांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. योजना अशी: व्हाइट हाउस, संसद भवन, सर्वोच्च न्यायालय आणि भोवतालचा परिसर केंद्राकडेच राहावा आणि उरलेल्या वस्तीचे राज्य व्हावे. त्याचे नाव ‘वॉशिंग्टन, डग्लस कॉमनवेल्थ’, म्हणजे गुलामगिरीतून मुक्त होऊन या शहरात अखेरची वर्षे काढणाऱ्या फ्रेडरिक डग्लस यांचे. विरोधकांचे आक्षेप निव्वळ दुष्टाव्याचे नाहीत. घटनादुरुस्तीवाचून हे करता येईल काय, तेविसाव्या दुरुस्तीतील तीन मतांचे काय होणार, मेरिलँड राज्यात शहर विलीन का करू नये, हे प्रश्न विचारले जातात. परंतु खरे कारण कोणापासून लपलेले नाही. २०२० मध्ये या शहराने बायडन यांना ९२ टक्के मते दिली. नवे राज्य म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन नवे सिनेटर. ज्यांना हे नको, ते घटनेचा हवाला देतात, आणि ज्यांना हवे, त्यांच्याही न्यायबुद्धीत थोडे अंकगणित मिसळलेले असते.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या मदतीचा कायदा झाला, तेव्हा प्रत्येक राज्याला किमान सव्वाशे कोटी डॉलर मिळाले आणि राजधानीला पन्नास कोटी, कारण ते राज्य नव्हे. जूनमध्ये प्रतिनिधिगृहाने राज्याचे विधेयक २३२ विरुद्ध १८० मतांनी संमत केले. इतिहासात प्रथमच असे घडले. ६ जानेवारी २०२१ रोजी संसद भवनावर जमाव चालून आला, त्या वेळी शहराच्या महापौरांना राष्ट्रीय रक्षक दल स्वतःच्या आज्ञेने बोलाविता येईना. राज्याच्या गव्हर्नरला असलेला तो अधिकार त्यांना नव्हता. १७८३ मध्ये ज्या भयापोटी राजधानी राज्याबाहेर काढली गेली, ते भय प्रत्यक्षात अवतरले आणि राज्य नसणे हीच त्या दिवशी अडचण ठरली. एप्रिलमध्ये विधेयक दुसऱ्यांदा संमत झाले. सिनेटमध्ये ते मतास आलेच नाही.

त्यानंतरचा काळ ओहोटीचा आहे. मार्च २०२३ मध्ये काँग्रेसने शहराची नवी फौजदारी संहिता रद्द केली. १९९१ नंतर शहराचा कायदा असा प्रथमच रद्द झाला. सिनेटमध्ये त्यासाठी ८१ मते पडली, अर्थात मित्रपक्षातील अनेकांचीही. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्वशासन कायद्यातील एका कलमाच्या आधारे शहराचे पोलीस दल तीस दिवसांसाठी आपल्या हाती घेतले. नॉर्टनबाई तेव्हा ८८ वर्षांच्या होत्या. एके काळी सभागृह दणाणून सोडणारा आवाज त्या आठवड्यांत फारसा ऐकू आला नाही, आणि त्यांनी आता नव्या माणसाला वाट करून द्यावी, असे त्यांचे जुने सहकारीही उघडपणे म्हणू लागले. त्या म्हणण्यात कृतघ्नता पाहण्याचे कारण नाही. शहराला सभागृहात मिळालेली एकच खुर्ची, तिच्यावर कोण बसते याची चिंता त्याला असणारच.

त्याच वर्षीच्या ३ जानेवारीला, अठराव्यांदा निवडून आल्यानंतर, नव्या प्रतिनिधिगृहाच्या पहिल्या दिवशी त्यांनी राज्याचे विधेयक पुन्हा दाखल केले होते. बहुमत विरोधकांचे होते आणि ते मतास येणार नाही हे ठाऊक होते. विधेयकाचा क्रमांक तोच, ५१.